वृषालीची वीट

दराडे सरांना आवाज नको होता.

"अजिबात नको," ते म्हणाले. "घरात जुळी आहेत. दोघं एकदम झोपतात तेव्हाच मला खेळायला मिळतं. आत्ताच्या मशीनचा पंखा घरघरला की आधी ती उठतात, मग त्यांची आई उठते. पुढचं विचारू नका."

हेमंत बोरस्तेनं पुढचं विचारलं नाही. "खेळता काय?" एवढंच विचारलं.

"विमानं. सगळी सेटिंगं वर ठेवून."

"म्हणजे मशीन तापणार."

"तापू द्या हो. ओरडायला नको."

हेमंत निफाडला राहत्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत गेमिंग कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. दाराला पाटी नव्हती. नाशिकहून, येवल्याहून लोक शोधत यायचे. त्याचं मशीन चालू आहे की बंद, हे दिवा बघितल्याशिवाय कळत नाही, अशी त्याची ख्याती होती. इतरांकडं वेगवान मशीन मिळायचं किंवा शांत मशीन मिळायचं. दोन्ही एकत्र हवं असेल तर हेमंतकडं यावं लागायचं.

वेग आणि शांतता यांचं जुनं वैर आहे. कॉम्प्युटर जितकी वीज खातो तितक्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. थोडीथोडकी नाही, सगळ्या विजेची. मोठा खेळ चालवणारं मशीन म्हणजे उष्णतेच्या हिशेबानं खोलीत ठेवलेली शेगडीच. ती उष्णता चिपवरून हलवली नाही तर चिप जळते. ती हलवायला पंखा लागतो, आणि पंखा म्हटलं की आवाज आला. पाण्याच्या नळ्या फिरवून पाहिल्या तरी ते पाणी गार करायला शेवटी पंखाच लागायचा. वर्षानुवर्षं लोक पंखे मोठे करत होते, हळू फिरवत होते, रबरावर बसवत होते. पंखा काही जात नव्हता.

तो गेला मिठामुळं. आपलं खायचं मीठ नव्हे, कारखान्यात बनवलेलं, सच्छिद्र दगडात मुरवलेलं एक मीठ. हे मीठ पाणी धरून ठेवतं. त्याला उष्णता दिली की धरलेलं पाणी वाफ होऊन सुटतं, आणि ती वाफ पंख्याशिवाय, आपोआप नळीतून खिडकीबाहेर जाते. चिप गार राहते. राहिलेलं कोरडं मीठ तहानलेलं असतं. त्याला परत दमट हवा दाखवली की ते अधाशासारखं पाणी ओढतं आणि ओढता ओढता तापतं. म्हणजे चिपनं दिलेल्या उष्णतेतली बरीचशी परत मिळते. झाकण घट्ट लावलं तर ही तहान महिनोन् महिने तशीच राहते. हात लावला तर वीट गार लागते, कारण आत ऊब नसतेच. आत नुसती तहान असते. ऊब त्या तहानेतून हवी तेव्हा काढता येते.

मिठाचे हे ठोकळे विटेएवढे होते, म्हणून लोक त्यांना वीटच म्हणू लागले. मशीनच्या पोटात खण असायचा. त्यात ओली वीट सरकवायची आणि खेळायला बसायचं. संध्याकाळभर खेळलं की वीट कोरडी होऊन निघायची. ती न्हाणीघरातल्या टाकीच्या बुडात सरकवली की चार बादल्या कढत पाणी. या टाकीला कंपनीनं काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी तिला बंब म्हटलं. गिझरच्या काळात मागं पडलेला शब्द परत घराघरांत आला.

आणि मग जे कोणाच्या स्वप्नात नव्हतं ते झालं. खेळतोस काय सारखा, म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या आया म्हणायला लागल्या, "बस रे तासभर खेळायला, उद्या पाहुणे आहेत, आंघोळीला पाणी लागेल." उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळून भरलेल्या विटा माळ्यावर रचून ठेवायची पद्धत पडली. पापड, लोणची, शेवया, तशा विटा. हिवाळ्याची बेगमी. निफाडला थंडी तशी वाईटच. द्राक्षांच्या बागांत लोक पहाटे शेकोट्या पेटवतात, माणसांसाठी नव्हे, वेलींसाठी. त्यामुळं या गावाला विटांचं वेड जरा जास्तच लागलं.

हेमंतच्या स्वतःच्या घरातलं मशीन त्यानं बायकोसाठी बनवलं होतं. वृषालीला अर्धशिशी होती. पंख्याची घरघर झाली की डोळ्यामागं कळ यायची. आणि खेळायची हौस तर दांडगी. तिनं आयुष्यात कधी स्कूटीला हात लावला नाही. बाजारात जायचं तरी हेमंतच्या मागं बसून, त्याच्या खांद्यावर चापट्या मारत, "हळू, हळू." पण खेळात ती रॅलीच्या गाड्या चालवायची. बर्फातून, चिखलातून, घाटातून. तिथं हळू हा शब्द तिला माहीत नव्हता. फोडणी देऊन गॅस बारीक करायची आणि एक घाट उतरून यायची.

तिच्या मशीनमध्ये हेमंतनं चिपची उष्णता विटेत नेणाऱ्या तापपट्ट्या एकाऐवजी दोन बसवल्या, विटेच्या खाली एक आणि वर एक, म्हणजे उष्णता लवकर शोषली जाईल आणि गाडीचा वेग कधी अडखळणार नाही. तसं मशीन त्यानं दुसऱ्या कोणासाठी बनवलं नव्हतं. जुळवायला फार किचकट होतं ते. बाहेरच्या गिऱ्हाइकांना तो खालची एकच पट्टी द्यायचा.

ती गेली एका डिसेंबरात, सकाळी, कणीक मळताना. डोक्यातली शीर फुटली असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी दुपारभर ती खेळली होती आणि संध्याकाळी तिनं कोरडी झालेली वीट गॅलरीतल्या मांडणीवर ठेवली होती. तिच्या विटा ओळखू याव्यात म्हणून ती कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे गेले, मुलगी गार्गी बडोद्याला सासरी गेली, तेव्हा हेमंत गॅलरीत आला. मांडणीवर ती ठिपक्याची वीट एकटीच होती. त्यानं ती आत आणली आणि कपाटावर ठेवली.

त्या विटेत वृषालीची शेवटची दुपार होती. हे त्याचं मन म्हणत नव्हतं, विज्ञानच म्हणत होतं. तिनं ज्या वळणांवर गाडी फिरवली, त्या वळणांची उष्णता त्या मिठात जमा होती. फोटोत माणूस नसतो, कपड्यांतला वास जातो. ही वीट मात्र खरोखर काहीतरी धरून होती आणि झाकण उघडेपर्यंत धरून राहणार होती. गार्गीला त्यानं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवता ना वेळेवर?" मग त्यानं कोणाला सांगितलं नाही. वृषालीच्या मशीनवर त्यानं चादर टाकली आणि कामाला लागला.

पुढच्या वर्षीच्या थंडीत, दराडे सरांची ऑर्डर आली त्या सुमारास, वीट गुलाबी पडू लागली.

प्रत्येक विटेच्या झाकणात काचेची एक खिडकी असते आणि तिच्यात चिमूटभर भुकटी. वीट कोरडी असली तर भुकटी निळी. आत ओल शिरू लागली की गुलाबी. हेमंतनं कपाटावरून वीट खाली घेतली तेव्हा निळ्याची एक कड फिकी झाली होती. झाकणाखालची रबरी कडी ताठरली होती. बाहेरची हवा केसाएवढ्या फटीतून आत जात होती, आणि मीठ तिच्यातलं पाणी थेंबाथेंबानं पीत होतं. म्हणजे वीट आतल्या आत, कोणाला जाणवणारही नाही इतकी मंद, पेटलेली होती. उन्हाळ्यापर्यंत सगळी ऊब कपाटावरच्या हवेत विरून गेली असती.

त्यानं कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. "सर, त्या मॉडेलची कडी आता येत नाही. तुम्ही वीट वापरून टाका आणि जुनी देऊन नवी घ्या."

"मला ही वापरायची नाही."

"मग सर, विटेचा उपयोग काय?"

त्यानं फोन ठेवला. कडी आपणच कापून बसवायची असं ठरवलं. पण त्यासाठी झाकण उघडणं भाग होतं, म्हणून तो आज-उद्या करत राहिला आणि दराडे सरांचं मशीन हातात घेतलं.

मशीन झालं. पट्टी घट्ट बसली, वाफेची नळी नीट गेली, विमानांचा खेळ सगळी सेटिंगं वर ठेवून चालवला तरी तापमानाचा काटा हलला नाही. राहिलं ते ऐकण्याचं काम. पंखे गेल्यानंतर एक नवीनच दुखणं उघडं पडलं होतं. ग्राफिक्स कार्डावर तांब्याच्या तारेची लहान वेटोळी असतात. त्यांच्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा तुटत-जोडत जाते, तशी ती थरथरतात आणि डासासारखी बारीक शीळ घालतात. पूर्वी ही शीळ पंख्याच्या घरघरीत बुडून जायची. आता खोलीत तिच्याशिवाय दुसरा आवाजच नव्हता.

हेमंतला ती ऐकू यायची नाही. तरुणपणी तो साखर कारखान्यात टर्बाइनवर होता. कानांची वरची पट्टी तिथंच गेली. शांत मशीन बनवणाऱ्या माणसाला शांतता तपासता येत नव्हती, आणि हे गुपित फक्त वृषालीला माहीत होतं. ती डोळे मिटून खुर्चीत बसायची आणि बोट दाखवायची. "इथं कोपऱ्यात कुणीतरी रडतंय." मग तो त्या वेटोळ्यावर रेझिनचा थेंब सोडून त्याची थरथर बंद करायचा.

ती गेल्यावर हे काम शेजारच्या रंजनाताई खैरनारांकडं आलं. हाक मारली की त्या हात पुसत यायच्या.

"बसते. पण लवकर ऐकवा, भाजी टाकलीये," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. वृषालीसारखं बोट मात्र त्यांना दाखवता यायचं नाही. "आहे हो भाऊ. बारीक आहे, पण आहे. आमच्या ह्यांच्या घोरण्यापेक्षा बरी."

"डावीकडून की उजवीकडून?"

"ते मला नाही कळत. वहिनी सांगायच्या ते वेगळं. मी आपली आहे-नाही सांगणार." त्यांनी डोळे उघडले, आणि समोर टेबलावर ठेवलेली ठिपक्याची वीट त्यांना दिसली. "ही गुलाबी पडायला लागली की. वापरून टाका भाऊ. वाया जाईल."

"ती वापरायची नाही."

"अहो, काकडून मरायची वेळ आलीये. सकाळी बादलीवर साय धरल्यासारखं दिसतंय. त्या बंबात सरकवा आणि सणसणीत आंघोळ करा."

"ताई, ती वृषालीनं भरलेली वीट आहे," हेमंत म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा चढला. "शेवटची. तिची वीट मी बंबात घालू? तुम्हाला काय, पाणी तापल्याशी मतलब."

रंजनाताई एरवी ऐकून घेणाऱ्या बाई नव्हत्या. नवऱ्याला, सुधाकररावांना, त्या एका वाक्यात गप्प करायच्या. पण या वेळी त्यांनी विटेकडं पाहिलं, हेमंतकडं पाहिलं, पदराला हात पुसले, ते आधीच कोरडे होते, आणि म्हणाल्या, "भाजी लागेल माझी." आणि गेल्या.

हेमंतला वाटलं, आपण जास्त बोललो. मग वाटलं, बोललो तेच बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वीट उघडायला घेतली. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत वीट, नवी कापलेली रबरी कडी आणि हत्यारं ठेवली, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, आतली हवा कोरडी होऊ दिली. पिशवीला हातमोजे चिकटवले होते. त्यांतून हात घालून काम करायचं, म्हणजे बाहेरची हवा आत जाणार नाही. चार स्क्रू काढायचे, कडी बदलायची, स्क्रू लावायचे. डॉक्टरानं स्वतःच्या माणसाचं ऑपरेशन करू नये म्हणतात. एकेक करत चारही स्क्रू निघाले.

त्यानं झाकण उचललं आणि मिठाकडं पाहिलं.

मीठ वाळतं तेव्हा ते कुठून तापलं याची खूण उमटते. दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतील तर वर आणि खाली पांढरी, घट्ट साय धरते आणि मधोमध, सगळ्यात शेवटी वाळलेल्या जागी, एक करडी रेघ राहते. वृषालीच्या मशीनमधून निघालेल्या विटांत ती रेघ असायची. हेमंतनं ती पुष्कळदा पाहिली होती. या विटेत रेघ नव्हती. बुडाशी जाड, पिवळसर पापुद्रा होता, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा, आणि वरचं मीठ भुसभुशीत होतं.

ही वीट एका पट्टीच्या मशीनमध्ये भरली होती.

त्यानं ती तिरकी करून पाहिली. पिशवी खिडकीजवळ नेऊन उजेडात पाहिली. नेलपॉलिशचा ठिपका वृषालीचाच होता. मीठ वृषालीचं नव्हतं. म्हणजे वीट तिची, आत भरलेलं दुसऱ्या कुणाचं. त्या बिल्डिंगमध्ये एका पट्टीचं मशीन एकच होतं. ते त्यानंच बनवून दिलं होतं, भिंतीपलीकडं.

कडी लावायची राहून गेली. त्यानं पिशवीची चेन ओढली, उघडी वीट बाहेर काढली, झाकणासकट टॉवेलात गुंडाळली आणि खैरनारांच्या दारात जाऊन उभा राहिला.

दार रंजनाताईंनी उघडलं. आतल्या खोलीत सुधाकरराव मशीनवर क्रिकेट खेळत होते. ते नोकरीतून लवकर निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून भारताची कप्तानी त्यांच्याकडं होती. "अरे स्लिप घे, स्लिप," असं ते स्वतःलाच सांगत होते.

"ही कोणी भरली?" हेमंतनं विचारलं.

रंजनाताईंनी टॉवेलाकडं पाहिलं. कसली, कुठली, असं काही विचारलं नाही.

"आत या," त्या म्हणाल्या.

"इथंच सांगा."

"ह्यांनी भरली." त्यांनी आतल्या खोलीकडं मान हलवली. "क्रिकेटवर."

"आणि आधी काय होतं तिच्यात?"

"वहिनींनी भरलेलं होतं ते." त्या थांबल्या. "वहिनी गेल्या त्या दिवशी मी घेतली ती तुमच्या गॅलरीतून. तुम्ही सगळे स्मशानातून येणार होतात. आल्यावर आंघोळी. माणसं किती, तुम्हाला आठवत नसेल. त्या दिवशी बागांवर दहिवर गोठलं होतं. आमच्याकडं दोन विटा होत्या, त्या पुरल्या नसत्या. तुमच्या मांडणीवर ही दिसली. विचारायचं कोणाला? तुम्ही तिकडं, गार्गी बेशुद्ध पडल्यासारखी. घेतली."

टॉवेलातून हेमंतच्या हाताला ऊब लागायला लागली होती.

"तुमचे ते चुलते म्हणाले, सुतकाची आंघोळ गार पाण्यानं करायची असते. मी म्हटलं, ज्यानं शास्त्र लिहिलं त्यानं निफाडची थंडी नसेल पाहिली. गप बसले. मग दोन बादल्या कढत घेतल्या त्यांनी."

"परत का ठेवलीत?"

"म्हणजे? दुसऱ्याची वस्तू."

"भरून का ठेवलीत, ताई?"

रंजनाताईंना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "मग काय रिकामी ठेवू? कोणाच्या घरची वाटी आपण रिकामी परत करतो का? साखर आणली तर वाटीत चार शेंगदाणे तरी घालून देतो. आणि त्या घरात असं झालेलं. ह्यांना म्हटलं, बसा खेळायला. तेराव्याच्या आत वीट जागेवर पाहिजे. तेव्हा सुतकात कसला खेळ म्हणाले. मी म्हटलं, खेळ नाही, काम आहे, बसा."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही ती कपाटावर ठेवली ते मला नंतर दिसलं. तेव्हा वाटलं, ठेवली असेल. मग पुढं वाटलं, आता कसं सांगू?" त्या जरा घुटमळल्या. "मी लक्ष ठेवून होते. तुम्ही तिला उदबत्ती लावली असती ना, तर सांगितलं असतं. देवाशपथ. ह्यांच्या क्रिकेटला उदबत्ती नको."

आतून सुधाकरराव ओरडले, "आउट. बघ, बोलत बसलीस दारात, गेला आउट."

हेमंतला हसू आलं नाही. पण येऊ शकलं असतं, इतपत तो आला. तो उंबऱ्याशी खाली बसला. वर्षभर त्यानं सुधाकररावांचं क्रिकेट कपाटावर जपलं होतं. कंपनीला फोन केला होता. या बाईला काल तोडून बोलला होता.

"मग तिचं," त्यानं विचारलं, "तिचं कोणाला गेलं?"

रंजनाताई त्याच्यासमोर पाटावर बसल्या. "ती वीट पहिली लावली होती बंबाला. पहिली बादली तुमची. कर्ता माणूस आधी. तुम्ही न्हाणीघरात नुसते उभे राहिलात, भिंतीकडं तोंड करून. तांब्या धरेनात. मग हे आत गेले आणि ह्यांनी तुमच्या अंगावर पाणी घातलं. एक बादली संपली तरी तुम्ही कुडकुडत होतात, म्हणून दुसरी. मागनं तुमचे चुलते. बाकीच्यांना आमच्या विटांवरचं."

त्या दिवसातलं हेमंतला फारसं काही आठवत नव्हतं. चेहरे आठवत नव्हते, कोण काय बोललं ते आठवत नव्हतं. पाणी आठवत होतं. डोक्यावरून पाठीवर आलेलं कढत पाणी, आणि ते बरं वाटलं होतं, याची त्याला तेव्हाच लाज वाटली होती. बायकोला जाळून आलो आणि अंगाला गरम पाणी बरं वाटतंय. ही गोष्ट त्यानं गार्गीलाही सांगितली नव्हती.

ते तिचं पाणी होतं. तिनं त्या दुपारी घाटाघाटांतून जे जमवलं, ते सगळं दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाठीवर पडलं होतं. जपून ठेवायला काही उरलंच नव्हतं, कारण ते त्याला आधीच मिळालं होतं.

त्यानं टॉवेलाचं गाठोडं मांडीवर घेतलं.

"भाऊ," रंजनाताई म्हणाल्या, "तुमचा टॉवेल वाफाळतोय."

वीट चांगलीच तापली होती. झाकण उघडं, दाराशी सकाळची दमट हवा, मीठ पोटभर पाणी पीत होतं. रंजनाताईंनी सांडशी आणली आणि टॉवेलातून वीट उचलली.

"आता काय करायचं हिचं? पेटली ती थांबायची नाही."

"बंबात घाला."

"तुमच्या?"

"तुमच्याच. सुधाकररावांची आहे ती." हेमंत उठला. "आंघोळ झालीये का त्यांची?"

"आजची म्हणता की परवाची?" रंजनाताईंनी आत तोंड करून हाक मारली. "अहो, कप्तान. पाणी तापवतेय. उठा. भाऊंनी आयती वीट आणलीये, आता थंडीचं कारण सांगू नका."

सुधाकरराव गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर आले. हेमंतला बघून ते अवघडले. त्यांनाही सगळं माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. "बसा ना हेमंतराव," ते म्हणाले. "चहा घेऊन जा. त्या दिवशी मी..."

"तुम्ही पाणी घातलंत. कळलं मला."

"हां." सुधाकररावांनी मफलर सोडला, परत गुंडाळला. "जरा कढत झालं होतं का?"

"नाही," हेमंत म्हणाला. "चांगलं होतं."

चहा झाला. सुधाकररावांची आंघोळही झाली, गाणं म्हणत. वीट पाणी पिऊन जड आणि गार पडली. रंजनाताईंनी ती पुसून बाजूला ठेवली. "उद्या भरून पाठवते," त्या म्हणाल्या.

"नको. तुमचं तुमच्याकडं गेलं. आता मी तुमच्याकडून ओली वीट नेतो आणि भरून आणतो. वर्षभर ठेवून घेतली होती मी."

"अहो, घरातल्या घरात कसला हिशेब."

"हिशेब नाही. कडी बदलून, भरून आणतो."

रंजनाताईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्याकडं दराडे सरांचं मशीन तपासणीला चालूच होतं. त्यात वीट सरकवली असती तर संध्याकाळपर्यंत आपोआप भरली असती. हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी वीट त्याच्या हातात दिली.

घरी येऊन हेमंतनं नवी कडी बसवली. दराडे सरांच्या मशीनकडं पाहिलं. मग आतल्या खोलीत जाऊन वृषालीच्या मशीनवरची चादर काढली. खणात वीट सरकवली आणि बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. दिवा लागला म्हणून समजायचं की चालू झालं. त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं मशीन ते.

त्यानं शेकड्यांनी मशीनं बनवली होती, पण खेळ तपासणीपुरता चालवायचा, काटे बघायचा आणि बंद करायचा. खेळला असा कधी नव्हता. पडद्यावर एकाच खेळाडूचं नाव होतं. खाली 'नवा खेळाडू' असं लिहिलं होतं. ते त्यानं दाबलं, आपलं नाव घातलं आणि सगळ्यात सोपा घाट निवडला.

पहिल्या वळणावर गाडी दरीत गेली. परत सुरू केली. पुन्हा दरीत. तिसऱ्यांदा तो वळणाआधी इतका हळू झाला की मागून वेळेची सूचना आली, शर्यतीतून बाद. घाटाच्या सुरुवातीला आतापर्यंतच्या वेळा लिहिलेल्या होत्या. वरच्या सगळ्या वृषालीच्या. त्यानं त्या वाचल्या. हे सगळं ती फोडणी देता देता करायची, हे त्याला माहीत होतं. किती अवघड आहे, हे माहीत नव्हतं. ती खुर्चीतून हाक मारायची, "अहो, या जरा, बघा हे वळण कसं घेतलं," आणि तो पुढच्या खोलीतून स्क्रूड्रायव्हर न सोडता म्हणायचा, "बघतो, बघतो."

आता ते वळण समोर होतं. त्यानं गाडी झाडाला लावली.

वाफ नळीतून खिडकीबाहेर जात होती. खेळणारा जिंकतोय की हरतोय, याच्याशी मिठाला काही देणंघेणं नसतं. मशीन तितकीच वीज खातं. दुपार झाली, तो जेवून आला, परत बसला. ऊन गॅलरीतून उतरलं तेव्हा त्यानं पहिला घाट कसाबसा, एकही दरी न गाठता, पार केला. त्याची वेळ यादीत सगळ्यात शेवटी लागली. पण लागली.

गॅलरीतून रंजनाताईंचा आवाज आला. "भाऊ, त्या सरांच्या मशीनची शीळ ऐकायला उद्या सकाळी येते. आज हे सटाण्याला चाललेत, डबा करायचाय."

"या."

"आणि वीट भरली का हो?"

हेमंतनं खणाच्या काचेत पाहिलं. भुकटी निळी झाली होती. स्वच्छ निळी, कधीचीच झाली असणार. वीट काढून द्यायला हरकत नव्हती. गॅलरीतून हात लांब केला असता तरी पोचली असती.

"भरली," तो म्हणाला. "पण अजून एक ओली असेल तर द्या. माझा दुसरा घाट राहिलाय."